बारचार्टची बाजू

बारचार्टचे, म्हणजे कामांच्या मुदती पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्याचे दिवस गेले, असं सॉफ्टवेअरवाले म्हणतातच. आता बांधकामातले तरुण इंजिनिअरही म्हणू लागले आहेत. त्यांचे आक्षेप दोन. या पट्ट्या भविष्याबद्दल खोटी खात्री देतात, आणि कोणतं काम कशापायी अडलंय ते दाखवत नाहीत.

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो अर्धा खरा आहे. कोणतं काम कशावर अवलंबून आहे ते बाणांच्या जाळ्याने दाखवणाऱ्या पर्ट आणि क्रिटिकल पाथ या पद्धती १९५० च्या दशकाअखेरीस निघाल्या. शेकडो कामं एकमेकांत गुंतलेली असली की अशा जाळ्याचा हिशेब करावाच लागतो. पण त्या जाळ्यातले बाण काळाच्या मापाने आखलेले नसतात. आपल्याकडे पायाच्या खोदाईला मे महिन्यात झालेला पंधरा दिवसांचा उशीर पंधरा दिवसांवर थांबत नाही. जूनमध्ये खड्डे पाण्याने भरतात आणि काम थेट दसऱ्यापर्यंत लटकतं. महिन्यांच्या रकान्यांवर आखलेली पट्टी पावसाळ्यात शिरताना मुकादमालाही दिसते. म्हणून जाळ्याचा हिशेब झाल्यावरही साइट ऑफिसच्या भिंतीवर पट्ट्याच हव्यात.

खोट्या खात्रीचा आरोप मात्र मला साफ अमान्य आहे. हेन्री गँट या अमेरिकी इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात हे तक्ते रूढ केले. (पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने त्याच्या बऱ्याच आधी असाच तक्ता बनवला होता, त्याचं नाव मागे पडलं, हा अन्यायच.) गँटच्या तक्त्यात ठरलेल्या कामाच्या रकान्यातच प्रत्यक्ष झालेल्या कामाची रेघ ओढत. त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क याने १९२२ मध्ये या तक्त्यांवर पुस्तक लिहिलं. रेघ तोकडी पडली तर कारणाचं अक्षर तिथेच मांडायची रीत त्यात आहे: माल नाही, अवजार बिघडलं, सूचना मिळाल्या नाहीत, कामगार गैरहजर. यातली बहुतेक कारणं व्यवस्थापनाच्या दारात जातात, आणि गँटचा रोखही तिकडेच होता. उशिराचं खापर मजुरावर फोडू न देणारा हा कागद आहे.

आपण त्याचं काय केलं? निविदेची अट म्हणून बारचार्ट जोडतो, आणि मुदतवाढ मिळाली की जुनी पट्टी पुसून नवी आखतो. शाळेची इमारत दोन वर्षं रखडते, मुलं पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, आणि कागदावर काम वेळापत्रकानुसारच चाललेलं असतं. खोटी खात्री येते ती या पुसण्यातून.

तेव्हा मूळ पट्टी कुणालाही पुसता येऊ नये. मुदतवाढ तिच्या खाली, वेगळ्या रंगात, कारणासह आखावी. सार्वजनिक कामांवर रक्कम आणि मुदत सांगणारे फलक लागतात, त्यांच्याच शेजारी हा तक्ता लावावा. नकाशे उशिरा आले, जागा ताब्यात मिळाली नाही, बिलं थकली, जे असेल ते तिथे लिहिलेलं असावं. प्रामाणिक कंत्राटदाराने तर हे आधी मागायला हवं. पैसे न मिळाल्याने काम थांबवावं लागलं, तरी गावात नाव त्याचंच खराब होतं.