वणव्याचा धूर आणि चौविहारातला पंप



फेब्रुवारी लागला की पुण्याभोवतीच्या टेकड्या पेटायला लागतात. कात्रज, सिंहगड, मुळशी, भोर, सगळीकडे वाळलेलं गवत. जुनं जाळलं की नवं जोमानं येतं, या समजुतीनं कुणी काडी लावतं, तर कुणाची विडी पडते. पाऊस येईपर्यंत हे चालूच. रात्री हवा गार झाली की धूर वर न जाता खाली बसतो, म्हणून पहाटे खिडकी उघडली की घरात जळका वास शिरतो.

रानाला आग लावणं हे आपल्या पंधरा कर्मादानांत येतं. ते पाप आपण करत नाही, पण दुसऱ्यानं लावलेल्या आगीचा धूर आपल्याच छातीत जातो. त्याबद्दल आपण फार बेफिकीर आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बऱ्याच जणी नाकाला पदर किंवा ओला रुमाल लावतात. मुहपत्ती आहेच की, असंही ऐकलं आहे. पण मुहपत्ती आहे ती आपल्या श्वासानं दुसऱ्या जिवांना इजा होऊ नये म्हणून. धूर अडवणं हे तिचं काम नाही. धुरातले घातक कण २.५ मायक्रॉनहून बारीक असतात आणि आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. कापडाच्या विणीतून हे कण सहज जातात आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. त्यासाठी एन-९५ मास्कच हवा, तोही नाकावरची पट्टी दाबून, कडेनं हवा शिरणार नाही असा बसवलेला.

घरातली एक खोली धुराच्या दिवसांसाठी ठरवा. तिथं खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं. झाडू न मारता ओल्या कपड्यानं पुसायचं. अगरबत्ती, कापूर, डासांची कॉइल काही लावायचं नाही, नाहीतर बाहेरचा धूर अडवून आत आपणच नवा करतो. ऊन चढून हवा निवळली की खिडक्या उघडा. पहाटेचं फिरणं त्या दिवसांत उशिरा करा. सरकारच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा आकडा दिसतो. तो २०० च्या वर गेला तर म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर सुना आणि दमा-हृदयाचे रुग्ण यांनी घरातच थांबावं.

आता खरा मुद्दा. चैत्रातली आयंबिलची ओळी नेमकी याच दिवसांत येते, वर्षीतपही चालू असतात. माझ्या नणंदेला दमा आहे. चौविहार घेतला की रात्री कितीही धाप लागली तरी ती पंपाला हात लावत नसे. अशा बायका आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांचं कौतुकही होतं. मला ते पटत नाही. पंप म्हणजे आहार नव्हे, ते श्वासाचं औषध आहे. शिवाय पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत. सर्वसमाधीचा आगार आहे तो जीव कासावीस झाला तर औषध घेता यावं म्हणूनच. आपल्या पूर्वाचार्यांनी ठेवलेली सवलत आपण का नाकारावी?

तरी मनात शंका असेल तर तप सुरू करण्याआधीच महाराजसाहेबांना किंवा महासतीजींना विचारून घ्या. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकावी लागते, म्हणून तो सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. धाप लागल्यावरचा पंप मात्र वेळ बघून घेता येत नाही. तो उशाशीच हवा. आणि सुनांनो, सासूबाई संकोचानं मागणार नाहीत, तुम्हीच हातात द्या.

डोंगरावर आग दिसली तर वन विभागाचा १९२६ हा नंबर लावा. त्या गवतात असंख्य जीव असतात. त्यांनाही जपायचं आणि स्वतःच्या श्वासालाही. अहिंसेतून आपला स्वतःचा जीव वगळलेला नाही.