शिट्टी वाजली होती का?

कोरमंगलातल्या माणसांचा यंत्रावर भारी विश्वास! आणि तो का नसावा? फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ साली इथल्याच एका फ्लॅटमध्ये सुरू झाली. त्यानंतर बंगळुरूच्या या भागात गल्लोगल्ली नव्या कंपन्यांच्या पाट्या लागल्या. भाजी मागवायची असो, रिक्षा बोलवायची असो की भाडेकरू शोधायचा असो, प्रत्येक अडचणीवर इथं कुणी ना कुणी अ‍ॅप काढून बसलेलं. अशा ठिकाणी फुटबॉलचा रेफरी चुकला की पहिला उपाय काय सुचणार? 'कॅमेरा लावा!'

३ मार्च २०२३च्या रात्री ही मागणी कोरमंगलात घरोघर झाली असेल. कारण जे घडलं, ते इथून सात-आठ किलोमीटरवरच्या श्री कांतीरव स्टेडियममध्ये घडलं. इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना. एका बाजूला यजमान बेंगळुरू एफसी, दुसऱ्या बाजूला केरळ ब्लास्टर्स. कोरमंगला आणि शेजारचं मडिवाळा म्हणजे मल्याळी मंडळींची मोठी वस्ती, त्यामुळे निळ्या जर्सीइतकाच पिवळ्या जर्सीचाही इथं जोर. मराठी घरांनाही ही पिवळी जर्सी अगदी परकी नाही. २०१४ साली हा संघ उभा राहिला, तेव्हा त्याच्या मालकांत आपला सचिन तेंडुलकर होता. २०१८मध्ये तो त्यातून बाहेर पडला.

नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळ सुरू झाला आणि ९६व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राच्या अगदी तोंडाशी बेंगळुरूला फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचा गोलरक्षक पुढं येऊन बचावाची भिंत लावण्यात गुंतलेला. सुनील छेत्रीनं ते हेरलं आणि शिट्टीची वाट न पाहता चेंडू अलगद मोकळ्या जाळ्यात टाकला. रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे खेळाडू रेफरीभोवती जमले. वाद वाढला आणि प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी सगळ्या संघालाच मैदानाबाहेर बोलावून घेतलं. संघ परतलाच नाही. अखेर सामना बेंगळुरूच्या नावावर जमा झाला. पुढं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीनं ब्लास्टर्सला चार कोटी रुपये दंड ठोठावला. प्रशिक्षकांना दहा सामन्यांची बंदी आणि पाच लाखांचा दंड झाला.

त्या रात्रीपासून भारतीय फुटबॉलमध्ये एकच घोषा सुरू झाला : व्हीएआर आणा! व्हीएआर म्हणजे व्हिडिओ असिस्टंट रेफरी. पडद्यासमोर बसून सामना पाहणारा आणि मैदानातल्या रेफरीच्या कानात बोलणारा जादा पंच.

योगायोग पाहा. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळानं झुरिकच्या बैठकीत व्हीएआरला अधिकृत मान्यता दिली, ती ३ मार्च २०१८ रोजी. म्हणजे कांतीरवच्या राड्याच्या बरोबर पाच वर्षं आधी! दुसरा योगायोग त्याहून बोचरा. कांतीरवच्या दुसऱ्याच दिवशी, ४ मार्च २०२३ला, कर्नाटकचा संघ सौदी अरेबियात रियाधला संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना खेळत होता. मेघालयाला ३-२ असं हरवून कर्नाटकनं ५४ वर्षांनी ही ट्रॉफी जिंकली. आणि तिथं, परक्या भूमीवर, भारताच्या या राज्यस्तरीय स्पर्धेच्या उपांत्य आणि अंतिम फेरीसाठी व्हीएआरची सोय होती. घरच्या मैदानावर देशातल्या सर्वांत श्रीमंत लीगला मात्र ती नव्हती. चाहते चिडले, त्यात नवल ते काय?

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला तर हा प्रश्न पडतोच की, फुटबॉलला एवढा उशीर का? १४ नोव्हेंबर १९९२ला डर्बन कसोटीत टीव्हीच्या पडद्यावर पाहून तिसऱ्या पंचानं पहिल्यांदा एका फलंदाजाला धावचीत दिलं. तो फलंदाज सचिनच होता. पण क्रिकेट हा चेंडूगणिक थांबणारा खेळ. दोन चेंडूंच्या मधे पंचाला पडदा पाहायला वेळ असतो. फुटबॉल वाहतं राहतं. ते थांबवायचं तर कधी आणि कशासाठी, हा पेच होता. १९८६च्या विश्वचषकात मॅराडोनानं हातानं गोल केला, साऱ्या जगानं तो टीव्हीवर पाहिला, तरी फुटबॉल हललं नाही. २०१० साली जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका गोलरेषेच्या चांगला आत पडून बाहेर आला आणि गोल दिला गेला नाही. तेव्हा कुठं हालचाल सुरू झाली. २०१४च्या विश्वचषकात चेंडू गोलरेषा ओलांडतो की नाही हे सांगणारं यंत्र आलं आणि २०१८च्या विश्वचषकात व्हीएआर.

पण व्हीएआर म्हणजे सगळ्या तक्रारींचं दुकान नव्हे. ज्या नियमावलीनं ते आलं, तिच्यात चारच गोष्टी तपासायची मुभा दिली होती. गोल आहे की नाही. पेनल्टी आहे की नाही. थेट लाल कार्ड योग्य की अयोग्य. आणि चौथी, कार्ड भलत्याच खेळाडूला तर दाखवलं नाही ना? त्यातही चूक ढळढळीत असली पाहिजे. 'असंही म्हणता येईल, तसंही म्हणता येईल' अशा बाबतीत मैदानातल्या रेफरीचाच शब्द चालतो. शेवटचा निर्णयही त्याचाच. पडद्यापुढचा माणूस फक्त सुचवतो.

आता ही फूटपट्टी कांतीरवच्या गोलाला लावून पाहा. चेंडू रेषेच्या आत गेला होता का? गेला होता. छेत्री ऑफसाइड होता का? फ्री किक मारणारा ऑफसाइड असूच शकत नाही. गोलाआधी बेंगळुरूच्या कुणी कुणाला पाडलं होतं का? नाही. मग भांडण कशाचं होतं? शिट्टीचं! नियम असा : ज्या संघाला फ्री किक मिळाली, त्याला ती झटपट घ्यायची असेल तर शिट्टीची गरज नाही. पण रेफरीनं भिंत मागं सरकवायचं काम हाती घेतलं की मग शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं. छेत्रीचं म्हणणं, शिट्टी आणि भिंत नको असं आपण रेफरीला आधीच सांगितलं होतं. ब्लास्टर्सचं म्हणणं, झटपट किकची वेळ टळून गेली होती, आता शिट्टी हवीच होती.

हे कुठला कॅमेरा सांगणार? एका खेळाडूनं रेफरीला काय सांगितलं, रेफरीनं त्याला काय उत्तर दिलं आणि ते दुसऱ्या संघापर्यंत पोहोचलं की नाही, हा तो मामला. दहा कोनांतून चित्रण दाखवलं असतं तरी पडद्यावर तेच दिसलं असतं : छेत्रीनं किक मारली, चेंडू आत गेला. ज्या गोलावरून व्हीएआरची सर्वांत मोठी आरोळी उठली, तो गोल व्हीएआर असतं तरी बहुधा तसाच राहिला असता!

मग ही मागणीच चुकीची म्हणायची का? तसं मुळीच नाही. दोनच आठवड्यांनी, १८ मार्च २०२३ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना झाला. उपांत्य फेरीत मुंबई सिटीला पेनल्टींच्या लढतीत ९-८ असं नमवून बेंगळुरू तिथवर पोहोचलं होतं. एटीके मोहन बागानविरुद्ध बेंगळुरू २-१ असं पुढं असताना ८५व्या मिनिटाला बागानला पेनल्टी मिळाली. पाडापाडी झाली ती चौकटीच्या आत की बाहेर, यावर वाद पेटला. बागाननं बरोबरी साधली आणि मग पेनल्टींवर ४-३ अशी बाजी मारली. बेंगळुरूचे मालक पार्थ जिंदाल यांनी त्याच रात्री जाहीरपणे व्हीएआरची मागणी केली. दोन आठवड्यांपूर्वी वादग्रस्त गोलावर तरलेला संघ आता वादग्रस्त पेनल्टीवर बुडाला होता. पण हा प्रश्न वेगळ्या जातीचा होता. आत की बाहेर, याचं उत्तर कॅमेरा शोधू शकतो.

सर्वांत जिव्हारी लागणारं उदाहरण मात्र दोह्याचं. ११ जून २०२४, विश्वचषक पात्रता फेरी, भारत विरुद्ध कतार. पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात छेत्रीनं देशाच्या संघाचा निरोप घेतला होता. छांगटेच्या गोलामुळे भारत १-० असा पुढं. जिंकलं असतं तर पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचं दार पहिल्यांदा उघडलं असतं. ७३व्या मिनिटाला कतारचा हेडर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूनं अडवला. चेंडू खांबाबाहेरून रेषेपलीकडे गेला. कतारच्या एका खेळाडूनं तो बाहेरून पायानं ओढून आणला आणि दुसऱ्यानं गोल केला. भारतीय खेळाडू ओरडत राहिले. रेफरीनं गोल दिला. पुढं दुसरा गोल झाला आणि भारत २-१ असा हरला. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. असतं, तर काही सेकंदांत निकाल लागला असता.

म्हणजे तीन घटना, त्यांतल्या दोन कॅमेऱ्याच्या आणि एक माणसांची. हा भेद समजून घेतल्याशिवाय यंत्र आणलं तर निराशाच पदरी पडणार. कारण यंत्रामागंही माणूसच बसतो. ३० सप्टेंबर २०२३ला लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलचा गोल मैदानात ऑफसाइड ठरला. पडद्यापुढच्या पंचांना चित्रात गोल बरोबर दिसला. पण मैदानात गोल दिलाच गेला आहे अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी 'तपासणी पूर्ण' असं कळवून टाकलं. खेळ सुरू झाला. चूक लक्षात आली तेव्हा नियमानुसार मागं जाता येत नव्हतं. यंत्र चोख होतं, निरोप चुकला! स्वीडनच्या क्लबांनी तर विरोध केला आणि २०२४मध्ये तिथल्या संघटनेनं व्हीएआर आणायचंच नाही असं ठरवलं.

आपल्याकडे महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांनी २०२३मध्येच बेल्जियमच्या धर्तीवर कमी खर्चाच्या 'व्हीएआर लाइट'चं सूतोवाच केलं होतं. पण २०२४-२५चा हंगाम संपेपर्यंत सुपर लीगमध्ये ते आलं नव्हतं. मधल्या काळात फिफानं आणखी स्वस्त मार्ग काढला. त्यात जादा पंच नाहीत. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते आणि रेफरी स्वतः मैदानाकाठच्या पडद्यावर पाहून ठरवतो. २०२४मध्ये मुलींच्या विश्वचषकांत हा प्रयोग झाला. क्रिकेटची डीआरएस पाहणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला तो समजावून सांगावाही लागणार नाही. भारतासारख्या देशानं सुरुवात करायची तर ती इथून करायला हरकत नाही.

पण त्याच्या बरोबरीनं दुसरी एक गोष्ट हवी आणि तिला फारसा खर्च नाही. २०२३च्या महिला विश्वचषकात रेफरी व्हीएआरचा निर्णय आणि त्याचं कारण माइकवरून साऱ्या स्टेडियमला सांगत होते. कांतीरववर नेमकी हीच उणीव होती. 'झटपट किकला मी परवानगी दिली आहे' हे एक वाक्य दोन्ही संघांना आणि वीस हजारांच्या गर्दीला वेळेवर ऐकू आलं असतं, तर राग राहिला असता, पण संशय कमी झाला असता. हरलेला माणूस निर्णय एक वेळ पचवतो. आपल्याला अंधारात ठेवलं, हे तो पचवत नाही.

ही गोष्ट मोठ्या स्टेडियमपुरतीच नाही. १९९७च्या राष्ट्रीय खेळांसाठी कोरमंगलात इनडोअर स्टेडियम बांधलं गेलं, खेळाडूंसाठी वसाहत उभी राहिली. आज या भागात भाड्यानं मिळणाऱ्या टर्फवर पोरं फुटबॉल खेळतात. काठावर आई-बाबा मोबाइलवर चित्रण करत उभे असतात. रेफरी चुकलासं वाटलं की मोबाइल उंचावून आत धावण्याचा मोह कुणालाही होईल. तसं करण्याआधी पोरांना एवढं विचारायला शिकवावं : 'सर, काय दिलंत आणि का दिलंत?' आणि सरांनीही दोन्ही संघांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यावं. त्या उत्तराची सवय लहान मैदानावर लागली, तरच मोठ्या मैदानावरचा पडदा उपयोगी पडेल.