गावाकडून एक पैसाही नको?



आमच्या घरातल्या अमेरिकावासी मुलांनी गावच्या शाळेला दोन खोल्या बांधून द्यायचं ठरवलंय. कल्पना उत्तम. पण पुढे लिहिलंय, "सगळा खर्च आपणच उचलू, गावाकडून एक पैसाही घ्यायचा नाही." हे काही मला पटलेलं नाही. फोनवर बोलताना अर्धं राहून जातं, म्हणून इथे लिहितेय.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकाच पंक्तीला जेवायची. पैसा कुठून यायचा? लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही. (ही माउली १९३० साली गेली. तिच्यावर दोन ओळींपलीकडे कोणी लिहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.) पण मला महत्त्वाची वाटते ती भाऊरावांची मूठभर धान्याची योजना. घरातल्या बाईने दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं. जिची स्वतःची मुलं शाळेत जात नव्हती तीही मूठ काढायची, आणि मग एक दिवस विचारायची, "माझ्या पोराला घ्याल का?" मूठ दिली की विचारायचा हक्क येतो.

मोठ्या देणग्या नकोत असं नाही हं. अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले, म्हणून ते उभं राहिलं. तरी अण्णा सत्तरी उलटल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे पूर्व आफ्रिकेत वर्गणी मागत फिरलेच. त्याच वयाची मी, गोराईहून बोरिवली स्टेशनला जायचं तर बस रिकामी येईपर्यंत थांबते!

आमच्या गोराईतली गणपतीची वर्गणी पाहा. एकशे एक रुपये देणाराच मंडळाला हिशोब विचारतो. फुकटचा मंडप मिळाला तर कोण विचारणार? शाळेचंही तसंच. बाहेरून आलेल्या खोलीचं छत गळलं की गाव म्हणतं, "त्या अमेरिकेवाल्यांना कळवा."

शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. आधी त्यांना बसवून विचारा, खोल्याच हव्यात की आणखी काही? एखाद्या शाळेत खोल्या असतात, पण मुलींचं स्वच्छतागृह पाण्याअभावी कुलूपबंद असतं. ते रोज धुणाऱ्या बाईचा पगार पाटीवर कोरता येत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही. माझं मत विचाराल तर एकच खोली बांधा आणि उरलेले पैसे त्यासाठी ठेवा.

आणि हो, तुमच्यातले जे तिकडचे नागरिक झाले आहेत त्यांचा पैसा कायद्याने परदेशी देणगी ठरतो. घेणाऱ्या संस्थेकडे त्याची सरकारी नोंदणी लागते, समितीच्या खात्यात थेट भरता येत नाही. सीएला विचारल्याशिवाय एक डॉलर पाठवू नका.

अंदाजपत्रक आलं की मला धाडा. माझे पाच हजार तयार आहेत, पण गावातली पावतीपुस्तकं छापून झाल्यावर.