डिस्क बिघडली, तर आधी हात थांबवा

महाड औद्योगिक वसाहत ही रसायनांची वसाहत. रसायनांमुळे होणारे काही आजार कामावर असताना दिसतही नाहीत. बेन्झिडिन या रंगनिर्मितीतील रसायनाशी संपर्क आल्यापासून मूत्राशयाचा कर्करोग उघडकीस येईपर्यंत वीस वर्षेही जाऊ शकतात. म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४१-सी कलमाने धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची काम देण्यापूर्वी, त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हापुन्हा आणि ते काम सुटल्यावरही तपासणी सांगितली, आरोग्यनोंदी अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. या नोंदी आता कपाटांतून सर्व्हरवर जात आहेत. कपाटाला वाळवीची भीती होती. सर्व्हरला घाईची आहे.

जागा भरत आली की सर्व्हरच्या डिस्कवरील विभागाचा आकार बदलतात. काम नेहमीचे, पण क्रम चुकला की घात होतो. विभाग लहान करताना आधी त्यातली फाइल सिस्टीम लहान करायची आणि मग विभागाची हद्द. वाढवताना नेमके उलट. हद्द आधी कापली किंवा मध्येच वीज गेली, तर सर्व्हर सुरू होत नाही आणि सगळे गेले असे वाटते.

बहुतेक वेळा सगळे गेलेले नसते. रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये केसपेपर मांडणीवर असतात आणि कोणता कुठे आहे ते रजिस्टरमध्ये असते. रजिस्टर फाटले तरी केसपेपर जागेवरच राहतात. फाइल सिस्टीम म्हणजे ते रजिस्टर. लिनक्सवरील ईएक्सटी-४ पद्धतीत त्याच्या मुख्य पानाच्या प्रती डिस्कवर ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. एलव्हीएम ही व्यवस्था वापरली असेल, तर प्रत्येक बदलापूर्वीच्या मांडणीची नोंदही सर्व्हर सहसा स्वतःच ठेवतो. तिच्या आधारे जुनी हद्द परत आखली की माहिती पुन्हा दिसू लागते.

अट एकच : त्या डिस्कवर नवे काही लिहिले गेलेले नसावे. वैद्यकातील पहिला नियम येथेही पहिलाच आहे. आधी अपाय करू नका. विभाग वापरातून काढावा. संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. तपासणीचा आदेश प्रथम ‘फक्त वाचा’ या पद्धतीने द्यावा. सरळ दुरुस्तीचा आदेश दिला, तर चुकीच्या हद्दीलाच खरे मानून तो उरलेल्या नोंदी पुसू शकतो. निदानाआधी शस्त्रक्रिया करण्यासारखेच ते. पुन्हा फॉरमॅट करणे तर नकोच. एसएसडी असेल तर आणखी घाई. मोकळी ठरलेली जागा ती स्वतःहून साफ करू शकते.

तरीही खरा आधार बॅकअपचाच. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हर बाधित झाले आणि कामकाज कागदावर आले. बाधित न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले. याउलट ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून डेटाबेस पुसला गेला, तेव्हा ठरवून ठेवलेल्या बॅकअपच्या पद्धती ऐनवेळी निकामी निघाल्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीने निभावले. बॅकअप ‘असणे’ आणि तो परत उभा राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाडला हे अधिक लागू आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे काय झाले ते महाडकरांना सांगायला नको. सर्व्हरशेजारीच ठेवलेली बॅकअप डिस्क पुरात सर्व्हरबरोबरच जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक गावाबाहेर, हा साधा नियम कारखान्यांनी आणि रुग्णालयांनी पाळावा. आकार बदलण्यापूर्वी बॅकअप परत उभा करून पाहिला आहे, अशी लेखी खात्री घेतल्याशिवाय तंत्रज्ञाला परवानगी देऊ नये. कारखान्यात आगीची रंगीत तालीम होते. तशी नोंदी परत मिळवण्याची तालीमही व्हावी.

आणि दरवर्षीच्या तपासणीची छापील प्रत कामगाराच्या हाती द्यावी. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतला माणूस निवृत्तीनंतर लघवीतून रक्त जाते म्हणून डॉक्टरांकडे येईल, तेव्हा तो कोणत्या रसायनात किती वर्षे होता हे सांगणारा तोच कागद असेल. त्यावर त्याचे निदान लवकर होणे आणि भरपाईचा दावा टिकणे, दोन्ही अवलंबून आहे.