मोटारीचे मर्म आणि कारागिराचा हक्क

दारव्ह्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेवर चालत असे. वाफ किती सोडावयाची, हे चालकाचा हात ठरवी. बिघाड बहुधा कानालाच कळे.

टर्बो बसविलेल्या आजच्या अनेक मोटारींत हा निर्णय संगणकाकडे गेला आहे. इंजिनाचे फेरे आणि चाकांचा वेग यांचे गुणोत्तर बदलले की गियर बदलला, हे तो ताडतो. खालच्या गियरमध्ये चाकांवर जोर अधिक येतो. चिखलात ती जागीच फिरू नयेत म्हणून टर्बोचा दाब तो क्षणार्धात उतरवितो. सोय उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु चाकाजवळचा वेगमापक काळ्या मातीने निकामी झाला, की ही सारी हुशारी आंधळी होते. तो दोष वाचण्याचे साधन अधिकृत कार्यशाळेपुरतेच राखले, तर दारव्ह्याचा कसबी मेकॅनिक हात बांधून उभा राहतो आणि गाडीवाल्याला पदरमोड करून यवतमाळ गाठावे लागते. गाडी विकली गेली, गिऱ्हाईक मात्र गहाणच राहिले!

सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण अपिलांत गेले. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने २०२२ मध्ये समितीही नेमली. समित्यांची आपल्याकडे वाण कधीच नव्हती. वाजवी किमतीत ती साधने आणि मराठीतील माहितीपुस्तिका तालुक्याच्या आयटीआयपर्यंत पोहोचविण्याचे बंधन उत्पादकांवर कायद्यानेच घातले पाहिजे.