गाणी भरून मिळतील

पोतं भरावं, टाकी भरावी, फार तर कुणाचे कान भरावेत. पण गाणीसुद्धा 'भरतात' हे मला २०१० साली परभणीत कळलं.

त्याचं असं झालं. आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून काड्यापेटीएवढं गाण्याचं यंत्र पाठवलं. रिकामं! तांब्या आमचा, पाणी तुमचं. मोबाईलच्या एका दुकानावर पाटी दिसली, 'गाणी भरून मिळतील'. आत नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा.

"काका, किती जीबी?"

"चार. जुनी भर."

"जुनी म्हंजे कुमार सानू ना?"

मी आवंढा गिळला आणि लताबाईंचं नाव सांगितलं. थोड्याच वेळात आठशे गाणी भरली. तीस रुपये. मी सवयीनं "वीस घे" म्हणून पाहिलं, पण गडी बधला नाही.

घरी येऊन हिशेब केला. गाण्याला पावणेचार पैसे! यातले गाणाऱ्याला किती, लिहिणाऱ्याला किती? शून्य. पावणेचारच्या पावणेचार त्या पोराला. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो हमाल, माल मी उचलायला सांगितला.

"सरळ मार्गानं भरायचं तर परवडतं का?" असं आमचे एक सुशिक्षित मित्र विचारतात. नाही परवडत. ॲपलचा पहिला आयपॉड २००१ साली ३९९ डॉलरला निघाला, हजार गाणी मावणारा. २००३ साली त्यांनीच ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं. म्हणजे डबा ३९९चा आणि आतला ऐवज ९९०चा! आपल्याकडे ते दुकान उघडायला २०१२चा डिसेंबर उजाडला. गाणं बारा-पंधरा रुपयांना. माझी आठशे गाणी बाराच्या भावानंसुद्धा ९६०० रुपयांची झाली असती. कबूल. पण साहेब, सोनं परवडत नाही म्हणून आपण सराफाची काच फोडतो का? आणि कॅसेटी होत्याच की! दहा गाण्यांसाठी तीस-पस्तीस रुपये आपणच मोजत होतो. दोन कॅसेटी घेऊन वीस गाणी ऐकली असती, तर कान काही गळून पडले नसते. आठशेतली सातशे मी आजतागायत ऐकलेली नाहीत.

रॉयल्टीसाठी लताबाई रफीसाहेबांशी भांडल्या. साठीच्या दशकात काही वर्षं दोघं एकत्र गायली नाहीत. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून देऊन टाकता येऊ नये, असा कायदा व्हायला २०१२ साल लागलं. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत तळमळून बोलले. एवढ्या भांडणातून जो वाटा ठरतो, तो मी स्टेशन रोडवर दहा मिनिटांत बुडवला, वर घासाघीस केली.

यंत्र भरलं त्याच आठवड्यात मानवतचे मेहुणे आले. कापूसवाले. चहाचा कप हातात घेतल्यापासून भावाचंच रडगाणं.

"दाजी, पिकवायचं आम्ही, अन् खायचं अडत्यानं! मधल्या माणसाला काही लाजलज्जा?"

"खरं आहे," मी म्हणालो. मला फार पटलं.

कप खाली ठेवताना त्यांची नजर यंत्रावर गेली.

"गाणी हायेत का यात? मग तेवढं द्या की दोन दिवस. आमच्या पोराकडून समदी उतरून घेतो. उगं तीस रुपये कामून घालवायचे?"

मी दिलं. मेहुण्याला नाही कसं म्हणणार?