पाणथळ कोपरा आणि वेखंड

अलोऱ्याकडील सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत खाचराच्या कडेला किंवा तळ्याच्या काठी एखादा असा कोपरा असतो, की जेथे भात कुजते आणि नांगर रुततो. तो आपण लव्हाळ्यास सोडून देतो. अशा जागी वेखंड लावून पाहावे, असे आमचे मत आहे.

वेखंडाचे पान गवतासारखे लांब असले, तरी ही वनस्पती गवताच्या कुळातील नव्हे. हिचे मूळ चिखलात व पान हवेत असावे लागते. पूर्व आशियातील हिचीच एक ठेंगणी जात शोभेसाठी काचेच्या मत्स्यपेटीत लावतात. परंतु सदैव पाण्याखाली बुडवून ठेवल्यास ती फार दिवस तग धरीत नाही. यावरून खोल पाणी हिला मानवत नाही, हे ध्यानात यावे.

पावसाच्या आरंभी चिखलणी करून डोळे असलेले गड्ड्यांचे तुकडे १ फूट अंतराने लावावेत. पाणी आरंभी २ इंच व वाढ झाल्यावर ४ इंच ठेवावे. ८ ते १२ महिन्यांनी खालची पाने पिवळी पडली म्हणजे गड्डे खणून, तंतुमुळे काढून वाळवावेत.

येथे खरी अडचण पाण्याची आहे. कोयनेचे पाणी वीज देऊन कोळकेवाडीच्या धरणात उतरते व पुढे वाशिष्ठीस मिळते. परंतु ते प्रत्येकाच्या बांधापर्यंत येत नाही. ज्या कोपऱ्यात निदान फाल्गुनापर्यंत ओल टिकते, तोच निवडावा. भाताचे चांगले खाचर मात्र यासाठी मोडू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. बाळगुटीत वेखंड उगाळण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तथापि भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असॅरोन हे द्रव्य बरेच असते. त्यामुळे प्रयोगातील उंदरांस कर्करोग झाल्याचे आढळून आले, आणि अमेरिकेने १९६८ साली वेखंड अन्नात घालण्यास बंदी केली. यास्तव वैद्याच्या सल्ल्यावाचून ते मुलांस देऊ नये, व तसे सांगून विकूही नये. कपड्यांची पेटी व पेरणीसाठी राखलेले बियाणे किडीपासून जपण्यास त्याचा उपयोग निर्धास्तपणे करावा.

पहिल्या वर्षी एका गुंठ्याहून अधिक लावू नये, आणि गिऱ्हाईक ठरल्यावाचून दुसरा गुंठा वाढवू नये. पडीक कोपऱ्यातून चार पैसे मिळाले तर तो लाभच होय; परंतु ऐकीव भावावर विसंबून कर्ज काढणे हे शेतकऱ्याचे काम नव्हे.